पाणी मागणारी बाई

जे. एम. कुट्सी यांची 'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स' ही कादंबरी मी वाचली ती तंजावुरात, आत्याच्या घरी, मे महिन्यातल्या दुपारी. शिवगंगा तलावाच्या बाजूने येणारा वारासुद्धा त्या दिवसांत गरमच असतो. एका पानाशी आलो आणि पुस्तक पालथे घातले.

सरहद्दीवरच्या ठाण्याचा एक म्हातारा न्यायाधिकारी आहे. साम्राज्याच्या माणसांनी चौकशीच्या नावाखाली एका 'रानटी' मुलीचे घोटे मोडले आहेत, तिची नजर अधू केली आहे. तो तिला आपल्या खोलीत ठेवून घेतो. रोज रात्री तिचे पाय धुतो, अंगाला तेल लावतो. ही दया आहे की आणखी काही, हे त्याचे त्यालाही उमगत नाही. शेवटी तिला तिच्या लोकांकडे पोचवायला तो वाळवंट तुडवत जातो. तिथे त्याच्या ध्यानात येते, की एवढ्या लांब हिवाळ्यात आपण तिच्याकडून तिची भाषा शिकू शकलो असतो. आता उशीर झाला.

मला आमच्या घराची पायरी आठवली.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. 'ऊसि, पासि' अशी आरोळी देत सुया आणि मणी विकणाऱ्या नरिकुरवर बायका तेव्हा आमच्या गल्लीत येत. खांद्याला झोळी, गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा, कडेवर मूल. त्यांतली एक आमच्या दारात थांबली आणि म्हणाली, "पाणी." तमिळमध्ये 'तण्णी' म्हणतात, ते म्हणाली नाही. आपल्या मुलाकडे वळून आणखी दोन-तीन शब्द बोलली, तेही माझ्या कानाला ओळखीचे वाटले. मी चमकून आजीकडे पाहिले. आजीने विचारले, "काय म्हणत्ये ती?" मी म्हणालो, "कळत नाही."

आजीलाही कळले होते. तिने तांब्या आणला आणि उंचावरून त्या बाईच्या ओंजळीत पाणी ओतले. पायरीवर चार थेंब सांडले. बाई गेल्यावर आजीने पायरी धुतली.

नरिकुरवरांची वाग्री बोली गुजराती-मराठीच्या गोतातली आहे, हे मला फार पुढे समजले. तमिळ मुलखात, शेजारीपाजारी सगळे द्राविडी भाषा बोलत असताना, आम्ही आणि ते अशी दोन घराणी पाण्याला पाणी म्हणत होतो. एक घराणे राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत, दुसरे बसस्थानकामागच्या मोकळ्या मैदानात.

आमच्या घरात अभिमान होता तो आम्ही राजांबरोबर आलो याचा. सतराव्या शतकाच्या सत्तरीत शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ एकोजी यांनी तंजावूर घेतले आणि नायकांचे राज्य संपले. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा. आजी मला हात धरून तिथे न्यायची, अक्षरे दाखवायची. तो लेख कोरवणाऱ्या सरफोजीराजांनी १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हवाली केलेला होता, हे मात्र तिने कधी सांगितले नाही. राज्य हातचे गेल्यावर चार वर्षांनी भिंतीवर वंश कोरला गेला. १८५५ मध्ये शेवटचे राजे वारले आणि उरलेले नावही कंपनीने खालसा केले.

'रानटी' हा शब्द कुणाकुणाच्या वाट्याला येतो, ते पाहू गेले की अभिमान जरा सैल होतो. अठराव्या शतकाच्या चाळिशीत नागपूरकर भोसल्यांचे बारगीर बंगालवर चालून गेले. बंगाली आया आजही मुलांना निजवताना त्या बारगीरांची भीती घालतात. कलकत्त्याच्या लोकांनी १७४२ मध्ये मराठ्यांना अडवायला खंदक खणायला घेतला. म्हणजे कुणाच्या तरी कादंबरीत, कुणाच्या तरी अंगाईत, वेशीबाहेरचे ते लोक आम्हीच होतो. आणि पुण्यात शिकायला गेलो तेव्हा माझे जुनाट, तमिळ हेल काढणारे मराठी ऐकून वसतिगृहातली मुले हसली. "तू नक्की मराठीच ना?" असे एकाने विचारले. प्रश्न भाबडाच होता, पण मी आठवडाभर कमी बोललो.

सरफोजीराजांनी मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे नाटक लिहिले. कुरवंजी हा तमिळ प्रकार. विरहात पोळणाऱ्या नायिकेकडे डोंगरातली कुरत्ती येते, हात पाहते, भविष्य सांगते, आपल्या डोंगराची गाणी गाते. (ही कुरत्ती आणि मणी विकणाऱ्या नरिकुरवर बायका एका जमातीच्या नव्हेत, लोक सर्रास गल्लत करतात.) राजांच्या नाटकात कुरत्ती इंद्राणीला चक्क जगाचा भूगोल सांगते. राजांना लहानपणी श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याचा सहवास आणि शिकवण लाभली होती. युरोपातून आलेले हे नवे ज्ञान त्यांनी देवलोकात पोचवायला रानातली बाई निवडली.

मला हे फार आवडायचे. सगळ्यांत खालची बाई सगळ्यांत वरच्या बाईला शिकवते! कुट्सी वाचल्यावर मात्र खटकू लागले. कुरत्तीच्या तोंडी ज्ञान राजाचे आहे, भाषाही राजाची आहे. तिची स्वतःची भाषा त्या नाटकात कुठे आहे?

कादंबरीतल्या न्यायाधिकाऱ्याला जुने अवशेष उकरताना लाकडी पट्ट्या सापडतात, अनोळखी लिपीतल्या. २५६ पट्ट्या तो जपून ठेवतो, मांडून पाहतो. एकही अक्षर लागत नाही. पुढे तोच कैदी होतो आणि कर्नल जोल त्याला त्या वाचायला फर्मावतो. तेव्हा तो वाचल्याचा आव आणतो, आणि त्या पट्ट्यांतून साम्राज्याचा छळ बोलू लागतो. हे धैर्य आहे. पण ते शब्द त्याचेच आहेत. पट्ट्या मुक्याच राहतात. सरस्वती महालात मोडीतल्या दफ्तरांचे गठ्ठे पाहताना मला त्या आठवतात. फरक एवढाच, की मोडी वाचणारे थोडे का होईना, आहेत. ज्यांची बोली कुठल्या दफ्तरात उतरलीच नाही, त्यांचे काय?

ही कादंबरी १९८० ची. त्याआधी तीनच वर्षे, १९७७ मध्ये, स्टीव्ह बिको दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांच्या कोठडीत मारहाणीने मेले. कुट्सींनी साम्राज्याला नाव दिले नाही, म्हणून त्यात आपले काहीही कोंबावे असे नाही. तिथे कोण कुठे राहील हे कायदा ठरवत होता आणि माणसे मरत होती. आमच्या घरात कोणी कर्नल नव्हता. एक प्रेमळ म्हातारी होती आणि एक तांब्या होता. पण कादंबरी कर्नलपेक्षा न्यायाधिकाऱ्याविषयी जास्त आहे. तो भला आहे, पाय धुतो, आणि भाषा शिकत नाही. त्याच्यापासून अंतर राखणे मला जमले नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने नरिकुरवरांना अनुसूचित जमातींत घेण्याचे विधेयक मंजूर केले. त्यानंतर तंजावूरला गेलो तेव्हा बसस्थानकाबाहेर माळा मांडून बसलेल्या एका बाईशी बोललो. तमिळमधूनच सुरुवात केली, मग विचारले, "तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?" आणि मण्यांवर बोट ठेवले. तिने माझ्याकडे नीट पाहिले. "कशाला पाहिजे?" तिने तमिळमध्येच विचारले. मला उत्तर सुचले नाही. कादंबरी वाचली म्हणून, असे कसे सांगणार?

"माळ घेणार का?" ती म्हणाली. मी घेतली. तिने किंमत सांगितली तीही तमिळमध्ये. शेजारच्या बाईला ती पुढे काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. अर्धे मला कळले. कळले असे मी या वेळीही म्हणालो नाही. पण कळत नाही, असेही म्हणालो नाही.