ऊन कुठं गेलं?

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या अंगणात मोहफुलं वाळत घातलेली असायची. दुपारी रणरणतं ऊन, आणि बघता बघता काळं आभाळ. वारा पडायचा, मग एकदम गार झोत अंगावर यायचा. आजी म्हणायची, "गार वारा लागला पोरी, उचल आता." ऊन कुठं गेलं, हे मी दरवेळी विचारायची. "आभाळाच्या मागं हाये," एवढंच ती सांगे. लहान मुलाला याहून खरं उत्तर देता येईल असं मला वाटत नाही. तो झोत म्हणजे ढगातल्या पावसानं थंड झालेली, खाली कोसळून पुढे पसरलेली हवा, हे मी फार नंतर शिकले.

पुढे भामरागडकडे शिकवायला गेले. पहिलीतली माडिया मुलं विचारत, इथं ऊन आहे, मग नदी का वाढली? मी जमिनीवर खडूनं नद्या काढायची. पाऊस तिकडे छत्तीसगडच्या डोंगरांत पडलाय. इंद्रावती फुगली की तिला मिळणाऱ्या आपल्या पर्लकोटेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागं तुंबतं आणि पूल बुडतो. मुलं खडूच्या रेघेवरून बोट फिरवत. पुराची भीती जात नसे, जायलाही नको. पण नदी आपल्यावर रागावलेली नाही, हे त्यांना पटे. मुलांना राग-कोपाच्या गोष्टी सांगून गप्प करणं मला कधीच मान्य झालं नाही.

आता चंद्रपुरात नात आहे. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्यामुळे गारा पडल्या की तिला ते खोटंच वाटतं. एवढ्या उन्हात बर्फ कुठला? जमिनीपासून चार-पाच किलोमीटर वर उन्हाळ्यातही पाणी गोठतं. तापलेल्या जमिनीवरून जोरानं वर चढणारी हवा गारेला वर तोलून धरते, थरावर थर चढतात. मोठी गार आम्ही सुरीनं कापून पाहिली. आत कांद्यासारखी वलयं होती.

विजेचं मात्र आधी वागणं शिकवलं, मग कारण. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद गेले तर वीज साधारण एक किलोमीटरवर. ते मोजायचं घरात बसून. बाहेर असताना गडगडाट ऐकला की झाडाखाली थांबायचं नाही, सरळ घरात यायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहायचं.

"अर्धा तास म्हणजे किती, आजी?"

भात शिजून, पानं घेऊन, जेवण होईपर्यंत, असं मी सांगते. मग ती स्वतःच तांदूळ काढायला जाते.