दुसऱ्याच्या वाक्यावर

मालिकेत मी बहुतेक वेळा कुणाच्या तरी मागं उभा असतो. कधी सरपंचाचा माणूस, कधी सोसायटीचा सेक्रेटरी, कधी नुसताच पारावरचा म्हातारा. कोडोलीतनं सकाळची एसटी धरायची, कोल्हापुरात उतरून मोरेवाडीची चित्रनगरी गाठायची, धोतर-पैरण चढवायची, तोंडाला रंग लावायचा आणि बोलावणं येईपर्यंत सावलीत बसून राहायचं. आलेल्या एक-दोन वाक्यांत आख्खा माणूस उभा करायचा. या कामात माझा गुरू कोण, असं विचारलं तर मी गणपत पाटलांचं नाव घेतो. त्यांची-माझी भेट कधी झाली नाही. जे शिकलो ते पडद्यावर बघून.

नाव सांगितल्यावर लोक हसतात आणि लगेच हात वाकडा करून ‘आत्ता गं बया’ म्हणतात. तमाशापटांतला नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष, म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक, पण त्यांची बाकीची कारकीर्द फारशी कुणाला माहीत नाही. कोल्हापुरातल्या गरीब घरातलं हे पोर. वडील लवकर गेले, मोलमजुरी करून आईला हातभार लावला. गावात रामायणाचे खेळ व्हायचे, त्यांत सीता केली. पुढं सिनेमा कंपनीत शिरले ते सुतारकाम आणि रंगभूषेच्या हाताखालची कामं करत. ‘बाल ध्रुव’मध्ये गर्दीत उभे राहिले. भालजी पेंढारकरांच्या ‘मीठभाकर’मध्ये तर चक्क खलनायकी केली. गांधीहत्येनंतर १९४८च्या जाळपोळीत भालजींच्या जयप्रभा स्टुडिओबरोबर जळून गेलेला आणि त्यांनी जिद्दीनं पुन्हा उभा केलेला, तोच हा चित्रपट. म्हणजे नाच्याचं काम वाट्याला येण्याआधी हा माणूस सीता करून बसला होता, खलनायकही करून बसला होता. ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ या नाटकातलं नाच्याचं काम गाजलं, ‘वाघ्या मुरळी’मध्ये तशीच भूमिका मिळाली आणि मग दुसरं काही द्यावं असं कुणाला वाटेनासं झालं. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’नंतर तमाशापटांची लाटच आली. फड आला की नाच्या आला, आणि नाच्या म्हटलं की गणपत पाटील.

आता कसबाबद्दल सांगतो. नाच्याचं वाक्य हे जवळजवळ नेहमी उत्तर असतं. शाहीर किंवा सोंगाड्या काहीतरी टाकणार, नर्तकी ठसक्यात परतवणार आणि मग याची पाळी. समोरच्याचा शेवटचा शब्द पुरता खाली पडू द्यायचा. घाई केली तर त्याची टाळी मारली जाते. उशीर केला तर आलेलं हसू गार होतं. मधल्या त्या क्षणात गणपत पाटील आधी बोटांनी बोलतात. मनगट सैल पडतं, करंगळी सुटी होते, खांदा जरासा मागं जातो, मान कलते आणि शब्द येतो तो सगळ्यांच्या शेवटी. प्रेक्षक हसायला आधीच तयार झालेला असतो. अंगाची ही लय ते सबंध प्रसंगभर सोडत नाहीत, कॅमेरा दुसऱ्याच्या तोंडावर असतानासुद्धा. सुतारकाम आणि रंगभूषा केलेल्या माणसाला सेट कुठं संपतो, उजेड कुठं पडतो, हे पायांनाच कळत असणार, असं मला त्यांचं उभं राहणं बघून वाटतं.

हे काम इतकं खरं उतरलं की लोकांनी ती चाल त्यांच्या घरापर्यंत ओढत नेली. बायकोमुलं असलेल्या या गृहस्थाच्या संसाराविषयी शंका घेतल्या, टवाळी केली, घरच्यांनाही त्याची झळ बसली. ‘रंग नाच्याचा’ या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी तो रंग पुसला नाही. मला या गोष्टीचा आजही राग येतो, आणि तो दोन बाजूंनी येतो. एका नटाच्या मेहनतीला लोकांनी त्याचं व्यंग ठरवलं. आणि जी माणसं खरोखरच तशी जगतात, त्यांचं जगणं म्हणजे शिवी असल्यासारखं बोललं गेलं. खलनायकाला कुणी रस्त्यात दरोडेखोर समजत नाही. नाच्याला मात्र ती सवलत मिळाली नाही. २३ मार्च २००८ला ते गेले. दोनच वर्षांत, २०१०च्या आरंभी ‘नटरंग’ चित्रपट आला आणि आनंद यादवांच्या कादंबरीतल्या, नाच्या झालेल्या गुणाची फरफट बघून थेटरं रडली. गणपत पाटील असताना हे रडू कुठं होतं, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

त्यांच्याकडनं घेतलेली एक गोष्ट मी रोज वापरतो. एका भांडणाच्या प्रसंगात मला शेजारी म्हणून सोप्यावर नुसतं बसायचं होतं. मी चंची मागून घेतली. थोरला भाऊ आवाज चढवतो तोवर पान पुसायचं, चुना लावायचा. धाकटा ‘वाटणी’ म्हणाला की बोट चुन्यातच थांबवायचं. सुपारी तोंडात टाकायचीच नाही. कॅमेरा माझ्याकडं नव्हता, कडेला अर्धा दिसत होतो. पुन्हा टेक झाला तेव्हा पान त्याच हातात आणि बोट त्याच शब्दाला थांबलं पाहिजे, एवढं सांभाळलं. धाकट्याचं काम करणारा पोरगा नंतर म्हणाला, “काका, तुमचा हात थांबला आणि मला पुढचं वाक्य जड झालं.” त्याला ते जडच व्हायला हवं होतं.

आता तमाशाच्या फडातल्या ढोलकीवाल्याचं काम आलंय. हात खोटा दिसू नये म्हणून गावातल्या एका जाणत्या वादकाकडं संध्याकाळी बसतो. शाईच्या बाजूला बोटं अजून अडखळतात. मला वाक्य एकही नाही. शाहीर आणि नर्तकीची वाक्यं मात्र मी वहीत उतरवून घेतली आहेत आणि येता-जाता एसटीत पाठ करतो.