मथुरा रोडवरची टिपणे

फरीदाबादमधून जाणारा मथुरा रोड मराठी माणसाला परका वाटू नये. १७५७ मध्ये अहमदशहा अब्दालीची फौज दिल्लीवर आली, तेव्हा मराठा सरदार अंताजी माणकेश्वर थोडक्या फौजेनिशी तिच्याशी इथेच फरीदाबादजवळ झुंजले.

*

१७६०, पानिपतच्या आधीचं वर्ष. उत्तरेतल्या वाटा, पाणी, दाणा-वैरण सारं सूरजमल जाटाला ठाऊक. बायकामुलं नि अवजड तोफा मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, असं त्याने सदाशिवराव भाऊंना सांगितलं. ते मानलं गेलं नाही, आणि तो बाजूला झाला. शौर्य भाऊंकडे भरपूर होतं; परमुलखात तिथल्या माणसाचं ऐकावं लागतं, ते झालं नाही. तरी पानिपताहून उपाशी, उघडेवाघडे परतलेल्यांना अन्नवस्त्र दिलं ते याच सूरजमलने. आपण पराभव आठवतो. हे ऋण मात्र फारसं आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

*

महादजी शिंदे पानिपताच्याच रणातून पाय जायबंदी होऊन वाचले, आणि पुढे उत्तरेतच रमले. स्वारीला येणं वेगळं, राहायला येणं वेगळं. गोसावी, मुसलमान, सॅव्हॉयचा सेनानी द बॉय्न, सगळ्यांना त्यांनी पदरी बाळगलं. मथुरेत मुक्काम, कृष्णाची भक्ती. १७८४ मध्ये मुघल बादशहाने त्यांना वकील-ई-मुतलक, म्हणजे आपला सर्वाधिकारी प्रतिनिधी केलं, त्यामागे तलवारीइतकाच हा सहवास होता असं मी मानते.

*

आज फरीदाबादच्या कारखान्यांत नोकरीला आलेली मराठी जोडपी पाहते. जी शेजाऱ्यांकडे मदत मागतात, ती लवकर रुळतात: चांगली चक्की कुठली, थंडीत रजई कुठून भरून घ्यायची. मदत करायला धावणारे इथे पुष्कळ. मदत मागणारा मात्र लगेच घरचा होतो. पुण्याशी तुलना करत राहणारी वर्षानुवर्षं पाहुणीच राहतात.

*

फरीदाबादची एनआयटी, म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप, पाच नंबर. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातल्या बन्नू वगैरे भागांतून आलेल्या निर्वासितांची ही वस्ती १९४९-५० पासून उभी राहिली. फरीदाबाद विकास मंडळाचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनचे कार्यकर्ते छावणीत काम करत होते. त्यांनी निर्वासितांना नुसतं शिधा घेणारे धरलं नाही. सहकारी संस्था निघाल्या. ज्यांनी कधी वीट रचली नव्हती अशांनीही बांधकाम शिकून आपली घरं उभी केली. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांचं यश मला इथे दिसतं: काम त्यांनी छावणीतल्या माणसांच्याच हाती सोपवलं.