पावसाळ्यानंतरची येझदी

पावसाळा सरला की माणसांना हायसे वाटते. छत्र्या माळ्यावर जातात, रेनकोट दोरीवर वाळत पडतात. जुन्या मोटारसायकलीचा खरा हिशेब मात्र तेव्हाच सुरू होतो. चार महिने जे पाणी, जो चिखल आणि जी दमट हवा तिने सोसलेली असते, ते सगळे भाद्रपद संपता संपता बाहेर येऊ लागते. त्यातच आश्विनातले ऊन कडक आणि कार्तिकात पहाटेचे धुके. नव्या गाडीला यातले फारसे काही जाणवत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला सगळे जाणवते.

आमच्या घरी १९७४ सालची येझदी आहे. २५० सीसीची, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सरची. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्यावर १९६१ पासून गाड्या काढल्या. पुढे ‘जावा’चे नाव जाऊन ‘येझदी’ आले आणि १९९६ साली कारखानाच बंद पडला. कारखाना गेला, गाडी राहिली. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे बाजारात परत आली खरी, पण ती इंजिने वेगळी, फोर-स्ट्रोक. त्यांचा पिस्टन आमच्या गाडीला काय कामाचा!

वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी ही गाडी १९८७ साली एका कंत्राटदाराकडून जुनीच घेतली, सात हजार रुपयांना, पतसंस्थेचे कर्ज काढून. तेव्हा आमच्या वस्तीत दुचाकी म्हणजे सायकल. टू-स्ट्रोकचा तो फटफट आवाज लांबून आला की लोक म्हणत, गुरुजी आले. कुणाची बाळंतीण दवाखान्यात न्यायची असो की कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी पोचवायचा असो, गाडी वस्तीचीच. १४ ऑक्टोबरच्या आत गाडी तयार पाहिजे, हा त्यांचा दंडक. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला चार-पाच गावांच्या विहारांत जायचे असे, तिथे गाडी ढकलत जाणे त्यांना मंजूर नव्हते. खंडेनवमीला लोक गाडीला झेंडूचा हार घालतात. आमच्याकडे पाने आणि पकडी डिझेलमध्ये धुऊन पुसल्या जातात. एवढीच काय ती आमची शस्त्रपूजा.

तो दंडक मी अजून पाळतो. कचेरीतली कारकुनी सांभाळून जे रविवार हाती लागतात, त्यांतले तीन या गाडीचे.

पहिला रविवार पेट्रोलच्या टाकीचा. पूर्वी एवढे पुरे होते, की टाकी रिकामी करायची, कॉक उघडून जाळी साफ करायची, तळाची गंजाची पूड काढायची. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल पूर्वी पाच टक्के असे, २०२२ मध्ये दहा झाले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातली माणसे. आमच्या रानातला ऊस, आमच्याच कारखान्यांचे इथेनॉल, त्यामुळे त्याला नावे ठेवणे सोपे नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर चांगलेच आहे. पण १९७४ सालच्या रबराला आणि बुचाच्या वायसरला हे कुणी विचारले नव्हते.

हे मुलांना कळावे म्हणून आमच्या अभ्यासिकेत आम्ही एक प्रयोग करतो. झाकणाच्या काचेच्या मापपात्रात १०० मिलीलिटर पंपावरचे पेट्रोल घ्यायचे आणि त्यात १० मिलीलिटर पाणी घालायचे. अंगणात, विस्तवापासून दूर, मोठ्या माणसाच्या हातानेच. हलवून पाच मिनिटे ठेवले की खाली पाण्याचा थर बसतो. तो १० चा नसतो, ३० च्या आसपास असतो! मुले चक्रावतात. जादा वीस कुठून आले? ते इथेनॉल. त्याला पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ जास्त, म्हणून ते पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली बसते. टाकीत पावसाचे किंवा दवाचे पाणी शिरले तर हेच घडते, आणि कॉक टाकीच्या तळातून ओढतो. टू-स्ट्रोक गाडीत तर आणखी एक पेच आहे. इंजिनाला लागणारे ऑइल आपण पेट्रोलमध्येच मिसळतो, मी लिटरला ४० मिली घालतो. ते ऑइल वरच्या पेट्रोलबरोबरच राहते. म्हणजे तळाचा थर इंजिनात गेला तर गाडी नुसती ठसकत नाही, पिस्टन कोरडा पडतो. म्हणून पावसाळ्यातले उरलेसुरले पेट्रोल मी शरदात वापरत नाही. टाकी कोरडी करून ताजे भरतो. पाइप इथेनॉल सोसणारा घातला आहे आणि कार्बोरेटरचा मेन जेट एका नंबरने मोठा केला आहे, कारण इथेनॉलला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते आणि जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते. प्लग काढून पाहावा. चॉकलेटी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर इंजिन भाजते आहे.

दुसरा रविवार उजव्या बाजूच्या झाकणाचा. त्याखाली डायनामो आणि सीबी पॉइंट. दमट हवेने पॉइंटवर पांढुरकी बुरशीसारखी साय धरते, ठिणगी मरते आणि माणूस कीक मारून घामाघूम होतो. बारीक पॉलिश पेपर, मग कोऱ्या जाड कागदाची पट्टी, आणि शेवटी फिलर गेज लावून ०.४ मिलिमीटरचे अंतर. डायनामोचे कार्बन ब्रश झिजले असतील तर बदलायचे. हे काम आता माझी मुलगी करते. ती पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते, पण ऑक्टोबरातला हा एक रविवार ती सोडत नाही. गेल्या वर्षी मी गेज सरकवून “झालं” म्हणालो, तर तिने फ्लायव्हील फिरवून पुन्हा मोजले आणि म्हणाली, “पप्पा, पॉइंट पूर्ण उघडल्यावर मोजायचं असतं. आत्ता कुठं उघडताहेत.” मला ते ठाऊक होते, मी तिची परीक्षा पाहत होतो. तिने मात्र यावर अजून विश्वास ठेवलेला नाही.

तिसरा रविवार ब्रेक, केबली, ग्रीसिंग आणि सायलेन्सर. येझदीची चेन बंद पेटीत असते, त्यामुळे चिखलाचा त्रास कमी. ही त्या कारागिरांची अक्कल. आजच्या कितीतरी गाड्यांची चेन उघडी असते. सुटे भाग मात्र मिळवावे लागतात. आमच्या सुदैवाने कोल्हापूरचे उद्यमनगर जवळ आहे. तिथे लेथवर बसलेला माणूस झिजलेला बुश हातात घेतो, कॅलिपर लावतो आणि दुसऱ्या दिवशी नवा करून देतो. नकाशा नाही, पार्ट नंबर नाही. अशा वर्कशॉपांतल्या जुन्या हातांनीच आमच्यासारख्यांच्या गाड्या चालत्या ठेवल्या आहेत. त्यातले बरेच हात आता सत्तरीला आले आहेत. त्यांची मुले सीएनसी मशीनवर काम करतात, हजार नगांच्या ऑर्डरी घेतात. एका बुशासाठी मशीन कोण लावणार?

गाडी तयार झाली की तिला फिरवायचे दिवस हेच. पाऊस गेलेला, डोंगर अजून हिरवे, रस्त्याकडेला पिवळी सोनकी. गगनबावड्याच्या बाजूला भाताची खाचरे पिकून पिवळी पडलेली. रस्ते मात्र पावसाने खाल्लेले असतात, आणि कुठे कुठे अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेले असते. त्यावरून ब्रेक मारू नये. ऑक्टोबरच्या दुपारी तासाभराने दहा मिनिटे सावलीला थांबावे. त्यात कमीपणा नाही, इंजिन हवेवर थंड होणारे आहे. घाट उतरताना तर वडिलांचा एक पाठ कायम ध्यानात असतो. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबर मिळते. उतारावर एक्सलेटर बंद करून गाडी नुसती सोडली, तर इंजिन जोरात फिरते आणि ऑइल मिळत नाही. म्हणून अधूनमधून क्लच दाबून एक्सलेटर द्यायचा. डावा हात क्लचवरून काढायचा नाही. पिस्टन जाम होऊ लागला तर मागचे चाक अडकण्याआधी क्लच दाबणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग.

आता यंदाचा खरा प्रश्न सांगतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढे नूतनीकरणाला पाच हजार, आणि ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट. आमच्या गाडीला २०२४ मध्ये पन्नास पूर्ण झाली. तेव्हापासून दोघा-तिघांनी सुचवले, व्हिंटेज करून टाका, मान वाढतो. आणि एक संग्राहक तर दारात येऊन सव्वा लाख रुपये देऊ करून गेले.

मी बी. कॉम. झालेला माणूस. वही काढली. सात हजारांच्या गाडीवर घटत्या शिल्लक पद्धतीने १५ टक्के घसारा धरला, तर मार्च २०२५ अखेर तिची पुस्तकी किंमत येते साडेचौदा रुपये. आणि दारात सव्वा लाख! पत्नीने ती वही पाहिली आणि सरळ विचारले, “अहो, साडेचौदा रुपयांच्या वस्तूसाठी वर्षाला सहा हजार खर्च करता. पोरीच्या वसतिगृहाचे पैसे डिसेंबरात भरायचे आहेत. मग ही ठेवायची कशाला?” ती बचत गटाचा हिशेब ठेवते, तिला उडवून लावता येत नाही. तिचे म्हणणे चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही.

व्हिंटेजचा मुद्दा तुलनेने लवकर सुटला. नियम नीट वाचला. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रस्त्यावर नेहमीच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे अभ्यासिकेची पुस्तके न्यायची नाहीत, कुणाला दवाखान्यात सोडायचे नाही. ज्यांच्याकडे दहा गाड्या आहेत त्यांना हे ठीक आहे. आमच्या गाडीने जन्मभर केले ते काम तिला बंद करायचे आणि वर वीस हजार भरायचे, हे माझ्या कारकुनी डोक्यात बसले नाही. साध्या नोंदणीचे नूतनीकरण २०२४ मध्ये झाले आहे, ते २०२९ पर्यंत चालेल. तेव्हा खर्च वाढलेला असेल हेही खरे. वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलीचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार रुपये केले गेले, पर्यावरण कर निराळा.

विकण्याचा प्रश्न राहिला. आम्ही तिघे बसलो. मुलीने एकच सांगितले, की फीसाठी विकायची असेल तर माझ्या नावावर ती विक्री घालू नका. त्यावर पत्नी बराच वेळ गप्प होती. मग तिने अटी घातल्या. वसतिगृहाचे पैसे मी कचेरीच्या पतसंस्थेतून कर्ज काढून भरायचे. गाडीचा खर्च वर्षाला चार हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही, गेला तर माझ्या चहा-पानाच्या पैशांतून. आणि उसाचा हंगाम सुरू झाला की अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढायची नाही.

ही शेवटची अट मला सगळ्यात जड जाते, पण ती सगळ्यात बरोबर आहे. कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. मागे दिवा नाही, कित्येकांना रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. आमच्या गाडीचा दिवा सहा व्होल्टचा, इंजिन मंदावले की मिणमिणतो. आमच्या ओळखीतली दोन तरुण मुले अशाच ट्रॉलीवर आदळून गेली आहेत. तेव्हा हंगामात रात्रीच्या बैठकांना मी एसटीने जातो, परतीची गाडी चुकली तर कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसतो. मिरची पूड घातलेल्या डब्यासारखी गाडी घरात झाकलेली असते, त्याचे वाईट वाटते. असो.

दिवसा मात्र ती चालते. यंदाचा मेन जेट अजून मनासारखा बसलेला नाही, चढावर किंचित अडखळते, तो बदलून पाहायचा आहे. आणि येत्या रविवारी उजवा सायलेन्सर उघडायचा आहे. त्याच्या मागच्या टोकाच्या नटावर गंज धरला आहे, हिसका दिला तर बोल्ट तुटेल. आजच त्यावर डिझेल सोडून फडके गुंडाळून ठेवले आहे, शनिवारी पुन्हा सोडायचे. आतली नळी काढून कार्बन जाळायला अभ्यासिकेतली दोन मुले येणार आहेत. त्यांना जुने कपडे घालून या म्हणून सांगितले आहे.