बिळगीचा आवाज

संतपूरला परभणी केंद्र रात्रीच लागायचं. दिवसा नुसती खरखर. मध्यम लहरी रात्री आकाशातल्या वरच्या थरावरून परततात आणि लांबवर पोचतात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की जेवणं आटोपली की रेडिओ कोनाड्यात ठेवायचा आणि आवाज स्वच्छ होईस्तोवर त्याला जरा जरा वळवत राहायचं.

आज्जीचं माहेर उदगीर. ती लग्न होऊन आली तेव्हा उदगीर आणि संतपूर एकाच बीदर जिल्ह्यात होती. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यं नव्यानं आखली गेली. उदगीर मुंबई राज्यात गेलं, आम्ही म्हैसूरकडे गेलो. माहेरची बोली मग तिला रेडिओतून भेटायची.

एका रात्री जुन्या ध्वनिमुद्रिका लागल्या होत्या. लाखेच्या तबकडीवर सुई घासल्याचा तो आवाज, पावसाळी रात्री पत्र्यावर भुरभुर लागावी तसा, आणि त्यातून वर येणारं नाट्यपद. स्वर लाडिक, हरकत नेमकी. तीन-सव्वातीन मिनिटांत तबकडीची बाजू संपते, म्हणून सगळं आवरून, पण घाई न दाखवता गायलेलं. "बालगंधर्व," मी खात्रीनं म्हणालो. आज्जीनं मान डोलावली.

गाणं संपलं आणि निवेदिकेनं नाव सांगितलं: गोहरबाई कर्नाटकी.

या गोहरबाई विजापूरकडच्या बिळगीच्या, कानडी मुलखातल्या. १९४३ च्या 'किस्मत' चित्रपटातल्या गाण्यांमुळे देशभर पोचलेल्या गायिका अमीरबाईंची बहीण. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकत त्यांची गायकी तिनं गळ्यात मुरवली, मग त्यांच्याच नाटक मंडळीत आली, त्यांच्या संसारात आली. गंधर्वांवर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्रानं तिला ते कधी माफ केलं नाही. त्यांच्या पडत्या काळाचं खापर तिच्यावर फुटलं, आणि त्या रागात तिचं गाणंही बाजूला टाकलं गेलं. मला हा अन्याय वाटतो. परभाषेतलं पद इतक्या निगुतीनं उच्चारणाऱ्या बाईला आपण निदान कान तरी द्यायला हवा होता.

त्या रात्री माझ्या कानानं तिला दाद दिली ती नाव माहीत नव्हतं म्हणून. आधी नाव सांगितलं असतं, तर मी कदाचित केंद्र बदललं असतं. आता फोनवर हवं ते गाणं निघतं. पण तिथं आधी नाव टाकावं लागतं, आणि विसरलेल्या माणसाचं नाव कोण टाकणार? रेडिओ मला विचारत नव्हता. कुणीतरी आकाशवाणीच्या कपाटातून ती तबकडी उचलली, पुसली, लावली, आणि ती आमच्या कोनाड्यात वाजली.

आज्जी मात्र नावापाशीच अडकली होती.

"कर्नाटकी म्हनली का रे ती?"

"हो."

"म्हंजे हिकडलीच की!" ती म्हणाली, आणि पुढचं गाणं लागायच्या आत उठून तिनं स्वतःच रेडिओचा आवाज वाढवला.