उसने बूट

दिवाळीच्या सुटीत चौसाळ्यास गेलो की पहिली संध्याकाळ पारावर घालवावयाची, असा आमचा पुष्कळ वर्षांचा परिपाठ आहे. महाविद्यालयात बोलून बोलून घसा आणि मन दोन्ही कोरडी पडलेली असतात. पारावर आम्हांस कोणी व्याख्यान मागत नाही. पलीकडून सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत असतो, बालाघाटाकडचा वारा सुटू लागतो, आणि आमच्या वयाची सातआठ मंडळी एकेक करून येऊन बसतात. त्यांत एक कापडाचे दुकानदार आहेत, एक नुकतेच सेवानिवृत्त झालेले कंडक्टर आहेत, एक प्राथमिक शिक्षक आहेत, बाकीचे शेतकरी. पाऊस, सोयाबीनचा भाव आणि कोणाच्या मुलीचे कोठे जमले हे तीन विषय संपले की चौथा विषय खेळाचा निघतो; आणि तो निघाला म्हणजे जेवणाची हाक दोनदा आल्यावाचून कोणी उठत नाही.

2025च्या दिवाळीत हा विषय खो-खोवरून निघाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. 19 तारखेच्या अंतिम सामन्यांत भारताच्या स्त्रियांनी नेपाळवर 78-40 असा, आणि पुरुषांनीही नेपाळवरच 54-36 असा विजय मिळविला. स्त्रियांच्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे. तिचे मूळ गाव आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले. म्हणून पारावर तिचा उल्लेख "आपली प्रियंका" असाच होतो. सामना साऱ्यांनी मोबाइलवर पाहिला होता. परंतु थोड्याच वेळात आमच्या ध्यानात आले, की या मोठ्या विजयाविषयी एकमेकांस सांगण्यासारखे कोणापाशी फारसे काही नाही. जे सर्वांनीच पाहिले, ते सांगावयाचे तरी कोणास? तेव्हा कंडक्टरसाहेब पानाची पिचकारी टाकून म्हणाले, "ते समदं खरं. पण बीडचा तो बुटाचा सामना आठवतो का?" आणि सारा पार एकदम जागा झाला.

हा बुटाचा सामना म्हणजे 1989च्या ऑक्टोबरात झालेला आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचा एक सामना होय. तो अंतिम सामना नव्हता. त्यात आमचे महाविद्यालय हरले. वर्तमानपत्रात त्याची एक ओळही आलेली आम्हांस आठवत नाही. असे असता, त्यानंतर छत्तीस वर्षांनी चौसाळ्याच्या पारावर त्याच्यासाठी माणसे सरसावून बसतात, याचे कारण आधी थोडे सांगितले पाहिजे.

हुतुतू आणि खो-खो हे आमचे घरचे खेळ. माती मोकळी सापडली की ते सुरू होतात. बास्केटबॉल मात्र आमच्याकडे महाविद्यालयाबरोबर आला. आमच्या गावची पोरे बीडास शिकावयास जाऊ लागली, तेव्हा तेथे सिमेंटचे मैदान आणि दोन्ही टोकांस दहा फुटांवर टांगलेली लोखंडी कडी त्यांनी प्रथम पाहिली. मूळ खेळात कडीही नव्हती. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने 1891च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे व्यायामशाळेच्या सज्जास पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून हा खेळ काढला. टोपल्यांस बूड होते. त्यामुळे चेंडू आत पडला की कोणी तरी वर चढून तो काढावा लागे. पुढे वाय.एम.सी.ए. या संस्थेने तो देशोदेशी नेला. हॅरी बक यांनी 1920 साली मद्रासेस शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले, आणि अशा ठिकाणी शिकलेल्या शिक्षकांच्या हातून तो आपल्या शाळा-महाविद्यालयांत उतरला. आमच्या गावची वडीलधारी मंडळी बाजाराच्या निमित्ताने बीडास आली की मैदानाशी उभी राहत. त्यांस नियम कळत नसत. परंतु "टोपलीत चेंडू टाकायचा" एवढे कळले की पुढचे कळण्यासारखेच असे.

आम्हांस असे वाटते, की खेळाच्या बाबतीत प्रेक्षक आणि गुणपत्रक हे दोन अगदी निराळे कारकून आहेत. बास्केटबॉलच्या गुणपत्रकाची शिस्त मोठी करडी असते. मैदानातून टोपली झाली की त्या आकड्यावर तिरकी रेघ. फ्री थ्रो साधला की भरीव ठिपका. खेळाडूच्या नावापुढे त्याचे फाउल, पाच झाले की तो बाहेर. राखीव खेळाडू खेळात उतरला तर त्याच्या नावापुढे तशी खूण; न उतरल्यास ती जागा कोरी. शेवटी पंचाने सही केली की सामना संपला. मग त्यात फिरवाफिरव नाही. प्रेक्षकाच्या वहीचे सारेच उलटे. त्यात आकडे चुकीचे असतात. पण कोणाचा सदरा फाटला, कोण रडला, पंचाची शिट्टी कोठे हरवली, हे सारे तेथे टिपलेले असते. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकात बास्केटबॉलला प्रथम स्थान मिळाले. अमेरिकेने कॅनडास 19-8 असे हरविले, हे गुणपत्रक सांगते. परंतु तो अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानात, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, म्हणून गुण इतके थोडे, हे सांगावयास पाहणारा माणूसच लागतो. त्याच साली, त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हुतुतूसारख्या आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्यांस कोणत्याच पदकाच्या यादीत जागा नव्हती. ती आज टिकून आहेत ती सांगणाऱ्यांच्या तोंडी.

आता आमचा सामना. समोरचा संघ मराठवाड्यातल्याच एका लहानशा गावचा. एस.टी.ने आला तो पाचच खेळाडू घेऊन. राखीव कोणी नाही. त्या वेळी वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असत. दुसऱ्या डावात त्यांचा एक गडी पाच फाउल होऊन बाहेर बसला. चौघे उरले. दुपारचे ऊन, ऑक्टोबरचे. सिमेंटावर पाय ठेववत नव्हता. शेवटची तीनचार मिनिटे उरली असता त्यांच्यातील सर्वांत चपळ पोराच्या कॅनव्हासच्या बुटाचा तळ टाचेपासून पुढपर्यंत उकलला आणि जीभ काढल्यासारखा लोंबू लागला. पंचांनी खेळ थांबविला. त्या पोराने बूट काढून दोन पावले अनवाणी टाकली, आणि तो जागच्या जागी नाचू लागला. आम्ही सारे हसलो. तेवढ्यात आमच्या महाविद्यालयाच्या बाकावरून एकाने आपले बूट काढून त्याच्यापुढे ठेवले. ते पायांत घालून तो पोर उठला, आणि शेवटची टोपली त्यानेच केली. आम्ही एका गुणाने हरलो.

पारावर ही कथा सांगावयाचा मान नेहमी आमचा. आम्ही भाषेचे प्राध्यापक. शिवाय त्या दिवशी प्रत्यक्ष हजर. यंदाही आम्ही ती सांगितली. शिक्षकांनी फरक तीन गुणांचा होता असे मध्येच म्हटले, दुकानदारांनी बुटांचा रंग निळा सांगितला, कंडक्टरसाहेबांनी पांढरा. शेवटी आम्ही नेहमीप्रमाणे म्हटले, "हरलो खरे, पण बूट आम्ही दिले होते!" आणि नेहमीप्रमाणे सर्वांनी माना डोलविल्या.

येथे वाचकांपाशी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लेखनात स्वतःस "आम्ही" म्हणण्याची जी चाल आहे, तीत विनय असतो असे समजतात. आमच्या अनुभवाप्रमाणे तीत सोयही पुष्कळ असते. ही कथा आम्ही तीस वर्षे वर्गात सांगत आलो. पहिल्या वर्षी सांगितली तेव्हा "आमच्यापैकी एकाने बूट दिले" असे म्हटले होते, हे आम्हांस पक्के आठवते. पुढे केव्हा तरी वाक्य आखूड झाले: "आम्ही बूट दिले." मुले ते ऐकून आमच्याकडे आदराने पाहत. त्यांनी त्या "आम्ही"चा अर्थ "सरांनी" असा घेतला, हे कळत असूनही आम्ही व्याकरण सोडवून दिले नाही. खोटे आम्ही कधी बोललो नाही. खरे बोलण्याचे मात्र सोडून दिले.

त्या संध्याकाळी पाराच्या खालच्या पायरीवर एक माणूस बसला होता. अंधारात आम्ही त्यास ओळखले नव्हते. सर्वांच्या माना डोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "नऊ नंबरचे होते, सर. त्या पोराचा पाय सातचा. पुढं कागद कोंबून दिला, तवा बसले."

हे बोलणारा मनुष्य बूट देणारा होता. त्याचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. त्याने ते छापावयास दिलेले नाही. तो आमच्याच वर्गात, आमच्याच बाकावर बसत असे. त्या वर्षी संघात राखीव होता, आणि आमच्या आठवणीप्रमाणे त्याला एकदाही मैदानात उतरविले नव्हते. ते बूट त्याच्या बापाने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून आणलेले. पुढल्या वर्षी तो महाविद्यालयात आला नाही. बाप आजारी पडला, उचल फिटली नव्हती, म्हणून पोराने कोयता घेतला. तेव्हापासून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास तो टोळीबरोबर ऊसतोडीस जातो आणि उन्हाळ्यात परत येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तेथला हिशेब असतो. पूर्वी तो आम्हांस नावाने, अरे-तुरे करून हाक मारी. आता "सर" म्हणतो.

आम्ही विचारले, "मग तू काय घातलेस पायांत?"

"काय घालणार? भिताडाच्या सावलीला उभा राहिलो. सावली एवढीशीच. एका पायावर थोडं, दुसऱ्या पायावर थोडं. शेवटची टोपली काही दिसली न्हाई मला. नुसता तुमचा आरडावरडा ऐकला."

तो आरडाओरडा आम्हांस चांगला आठवतो. आठवू नये म्हणून आम्ही इतकी वर्षे पुष्कळ प्रयत्न केला, इतका तो चांगला आठवतो. टोपली झाली, शिट्टी वाजली, आणि आमच्या बाजूची पोरे त्या भिंतीकडे धावली. कोणी त्यास घरभेद्या म्हटले, कोणी त्याहून वाईट. मारण्यापर्यंत गोष्ट गेली नाही, एवढेच. त्या ओरडणाऱ्यांत आम्ही होतो. पुढच्या रांगेत होतो. एस.टी.ने चौसाळ्यास परत येताना आम्ही त्याच्याशेजारी बसलो नाही. आणि तो मागच्या बाकावर, परत मिळालेले बूट मांडीवर घेऊन, एकटा बसला होता. बूट पायांत का घातले नव्हते, हा प्रश्न त्या दिवशी आम्हांस पडला नाही. तो छत्तीस वर्षांनी पडला.

आम्ही उठून उभे राहिलो आणि पारावरच्या मंडळींस म्हटले, "बूट मी दिले नव्हते. याने दिले. मी तर याला शिव्या दिल्या होत्या." आयुष्यात पहिल्यानेच त्या कथेत आम्ही "मी" हा शब्द वापरला. क्षणभर शांतता झाली. मग कापडदुकानदार हसून म्हणाले, "मोठी माणसं अशीच बोलतात. सर, तुमचा हाच गुण आम्हाला आवडतो." बाकीच्यांनी दुजोरा दिला. तो खालच्या पायरीवरचा माणूसही हसला. "राहू द्या, सर," तो म्हणाला, "तुम्ही सांगता तीच बरी हाय. ऐकाया गोड वाटती. आन कुणी दिले याला काय? खेळ पुरा झाला का न्हाई?" आमच्या कबुलीचा विनय झाला. तीस वर्षे ज्या कथेने आम्ही मोठेपण घेतले, तिने आता ते परत घेण्याचेही नाकारले.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्याची टोळी निघावयाची होती. आम्ही रस्त्यापर्यंत गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोचकी, पाण्याचे ड्रम, खोपटासाठी बांबू, दोन शेळ्या आणि झोपेतली मुले. तो वर बसला होता. काय बोलावे ते सुचेना, म्हणून आम्ही विचारले, "निळे होते का रे ते बूट, की पांढरे?"

"पांढरे," तो म्हणाला. "मातीनं निळं कसं व्हईल?" आणि पुष्कळ वर्षांनी त्याने आम्हांस नावाने हाक मारून सांगितले, की आता घरी जा, थंडी आहे. त्याच्या पायांत काय होते ते ट्रॉलीच्या उंचीमुळे दिसले नाही.

प्रेक्षकांच्या वहीविषयी वर आम्ही जे कौतुकाने लिहिले, ते खोडून टाकावे असे आता वाटत नाही. पण त्यास एक पुरवणी जोडली पाहिजे. गुणपत्रकात जे येत नाही ते प्रेक्षक जपतात हे खरे. मात्र जपताना ते स्वतःस सोसेल तेवढेच जपतात. भिंतीच्या सावलीत जो उभा असतो, त्याची वही निराळी असते, आणि ती कोणी वाचावयास मागत नाही. त्या सामन्याच्या गुणपत्रकात त्याच्या नावापुढची जागा कोरीच असणार. त्यावर पंचांची सही केव्हाच झालेली आहे. आमच्या वहीवर अजून कोणाची सही झालेली नाही, म्हणून ही दुरुस्ती आम्ही येथे करून ठेवतो: बूट त्याने दिले. आम्ही ओरडलो.