दुसरा हात

गेल्या भाऊबीजेला ताईकडे गेलो तेव्हा भाचा बारामतीहून सुटीवर आला होता. तिथे तो विमान चालवायला शिकतो. आमच्या घराण्यात सायकलीपुढे कुणाची मजल गेली नाही, आणि माझी स्वतःची तर शिक्षणातही मॅट्रिकपुढे गेली नाही. साहजिकच फराळाचे ताट घेऊन मी त्याच्यासमोर ठाण मांडले.

त्याचे विमान सेस्ना १५२, अवघे दोन जणांचे. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे. दोघांच्याही हाताशी कंट्रोल, नि ते आतून एकमेकांना जोडलेले. एकाने ओढले की दुसऱ्याचेही हलते.

"म्हणजे तू चुकलास की सरांना हातोहात कळते म्हण की!"

"कळते, पण सर धरत नाहीत, मामा. हात मांडीवर ठेवून बसतात."

"मग धरतात कधी?"

त्याने चकलीची ताटली धावपट्टी म्हणून मांडली नि एक शंकरपाळा उडवू लागला. तीनेक हजार फुटांवर सर मुद्दामच नाक वर उचलत न्यायला सांगतात. वेग मरतो, पंखांना हवा धरवत नाही आणि विमान खाली पडू लागते. याला म्हणे स्टॉल म्हणतात. मुलगा गडबडला, तरी सर थांबतात. कारण सावरायला पायाखाली भरपूर हवा आहे. हीच चूक उतरताना पंधरा-वीस फुटांवर झाली, जमीन अंगावर येतेसे वाटून मुलाने कंट्रोल खस्सकन ओढले, की मात्र सर थांबत नाहीत.

"चूक तीच, मामा. सर उंची बघतात."

आणि घेतात तेही चोरून नाही. 'आय हॅव कंट्रोल' असे स्पष्ट म्हणायचे, मुलाने तत्क्षणी हात काढून 'यू हॅव कंट्रोल' म्हणायचे, सरांनी पहिले वाक्य पुन्हा उच्चारायचे. परत देतानाही हाच मंत्र. न बोलता अर्धेमुर्धे धरले, तर विमान दुसरा चालवतो आहे असे दोघांनाही वाटत राहील!

घरी आल्यावर मी या विषयावरचे थोडे वाचले. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाचे एक इंग्रज वैमानिक होते. १९१४ साली विमान कोसळून त्यांचे पाय मोडले होते. १९१६ मध्ये फ्रान्समध्ये ते ६० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख असताना जेमतेम काही तास उडालेली पोरे लढायला येत नि मरत. त्यांनी पत्रांवर पत्रे लिहून वरिष्ठांना भंडावले. शेवटी त्यांनाच शिकवायला इंग्लंडात गॉसपोर्टला धाडले गेले. तिथे १९१७ साली त्यांनी शिकवण्याची तऱ्हाच उलटी केली. ज्या गिरकीची पोरांना भीती घातली जाई, त्या गिरकीत पोरालाच विमान घालायला लावायचे आणि त्यालाच बाहेर काढायला लावायचे. वाऱ्याच्या नि इंजिनाच्या आवाजात बोलणे पोचावे म्हणून गुरुशिष्यांमध्ये एक नळी असे. तिला पुढे गॉसपोर्टचेच नाव पडले. (आम्हा मास्तरांना बोलायला नळी लागत नाही. बूच लागेल.)

हे वाचताना एक जुनी वही डोळ्यांपुढे आली. सातवीतल्या एका मुलाने जिल्ह्याच्या निबंधस्पर्धेसाठी 'आमची विहीर' लिहून आणले होते. ऱ्हस्वदीर्घाचा आनंदच; पण विहीर आटल्यावर बाप रात्रीचा काठावर जाऊन बसतो, असे एक वाक्य होते. मी लाल पेन्सिल घेतली. आधी वेलांट्या सुधारल्या, मग माझ्यातला कादंबरीकार जागा झाला नि पहाटेपर्यंत निबंध माझा झाला. ते बापाचे वाक्यही मी सजवले! पहिले बक्षीस मिळाले. मुलगा व्यासपीठावर गेला, उतरला, माझ्याकडे त्याने पाहिले नाही. पुढच्या वर्षी स्पर्धा आली तेव्हा त्याने कोरी वही माझ्यापुढे ठेवली. "सर, तुम्हीच लिहा." स्वरात राग नव्हता, हे अधिक लागले. बारा वर्षांचे पोर आणि दोन पानांचा निबंध. त्याच्या पायाखाली केवढी हवा होती!

उलटही झाले आहे. दहावीतली एक हुशार मुलगी दिवाळीनंतर गप्प गप्प झाली, गैरहजर राहू लागली. सावरेल आपली आपण, असे म्हणून मी हात मांडीवर ठेवून बसलो. एकदा घरी जाऊन चौकशी करायला काय हरकत होती? परीक्षेचे अर्ज भरायच्या दिवशी कळले की तिचे नाव शाळेतून काढले आहे नि लग्न ठरले आहे. तिची जमीन किती जवळ आली होती, ते मी पाहिलेच नव्हते.

भाऊबीजेच्या त्या दुपारी भाच्याने शेवटी आपल्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणाची हकिगत सांगितली. सर मध्येच उतरले, दार लावून घेतले आणि जा म्हणाले. त्यांचे वजन नसल्याने विमान नेहमीपेक्षा भरभर चढले. पण याचे लक्ष सारखे उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे.

इतका वेळ ओवाळणीचे तबक आवरत असलेल्या ताईने मान वर केली. "आणि तुझे सर तेव्हा कुठे होते रे?"

"खाली. धावपट्टीच्या कडेला उभे होते, हात पाठीमागे घट्ट बांधून."

"बिचारे!" ताई म्हणाली.